जळालेली मोटर हाताने कशी भरावी

मोटर भरायला, म्हणजे तिचं वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) नव्याने घालायला, तारेच्या आधी वही लागते. जळकं वाइंडिंग उपटलं की मोटरचा नकाशाही त्याच्याबरोबर जातो. म्हणून आधी उतरवून घ्या: स्लॉट (तारा बसायच्या खाचा) किती, कोणती कॉइल (वेढ्यांचा गुच्छ) कुठून कुठे जाते, जोड कुठे आहेत. फोटो काढाच, पण फोटोत वेढे मोजता येत नाहीत.

समजा, सिंगल फेज, चार पोल (चुंबकीय ध्रुव), 24 स्लॉटची मोटर आहे. प्लग काढा, कपॅसिटर डिस्चार्ज करा. एका बाजूची डोकी, म्हणजे स्लॉटांबाहेर आलेला कॉइलचा भाग, छिन्नीने छाटा आणि दुसऱ्या बाजूने पक्कडीने कॉइल ओढा. जाळून काढू नका. गाभ्याच्या पत्र्यांमधलं इन्सुलेशन गेलं की मोटर पुढे तापतच राहते.

छाटलेली टोकं मोजली की वेढे कळतात. रनिंगचे (मोटर चालवणाऱ्या मुख्य वाइंडिंगचे) वेगळे, स्टार्टिंगचे (मोटर सुरू करून देणाऱ्या वाइंडिंगचे) वेगळे. मी एकदा कंटाळून अंदाजाने भरली. वेढे कमी पडले, मोटर रिकामी फिरतानाही घुमायला लागली आणि दहा मिनिटांत हात लावता येईना. तारेचा गेज (जाडी) घेताना इनॅमल (तारेवरचा इन्सुलेशनचा थर) ज्योतीवर जाळून पुसा, मगच मायक्रोमीटर लावा. नाहीतर जाडी फसवते आणि आणलेली तार स्लॉटात मावत नाही.

स्लॉट साफ करून नवा इन्सुलेशन पेपर घाला, दोन्हीकडे थोडा बाहेर राहील असा. एक वेढा स्लॉटांतून फिरवून बघा आणि त्या मापाचा फॉर्मा (कॉइल गुंडाळायचा साचा) करा. कॉइल लहान झाली तर बसत नाही, मोठी झाली तर झाकणाला घासते.

आधी रनिंग भरायचं. चार-पाच तारा एका वेळी सरकवा, बांबूच्या गुळगुळीत पट्टीने दाबा. स्क्रूड्रायव्हरने इनॅमल खरवडतं. वर पेपर घालून स्टार्टिंग भरा, रनिंगपासून तीन स्लॉट सरकवून. स्लॉटांची तोंडं पाचरींनी बंद करा.

शेजारच्या पोलांची दिशा उलट हवी, म्हणून शेवटाला शेवट आणि सुरुवातीला सुरुवात जोडा. खात्री हवी तर रनिंगला बॅटरीचा थोडा करंट द्या आणि आत होकायंत्र फिरवा: दर पोलाला सुई उलटली पाहिजे. मग इनॅमल खरवडून जोडांना डाग द्या, स्लीव्ह चढवा, डोकी दोऱ्याने बांधा.

500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) वाइंडिंग आणि बॉडी यांच्यात एक मेगओहमपेक्षा कमी आलं तर पुढे जाऊ नका. ठीक असेल तर जोडणी करून क्षणभर चालवून बघा. उलटी फिरली तर स्टार्टिंगची दोन टोकं आपसात बदला. वार्निश त्यानंतरच, स्टेटर (मोटरचा वाइंडिंग असलेला स्थिर भाग) आधी तापवून.