टांझानियातील रेबीज क्षेत्रकाम : नव्या पशुवैद्यक विद्यार्थ्यांसाठी

पशुवैद्यकाची पदवी घेऊन सार्वजनिक आरोग्याकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला परदेशी क्षेत्रकामाची संधी मिळते, तेव्हा त्याचे लक्ष साहजिकच लस, सुई आणि नमुन्यांच्या नळ्यांकडे असते. उत्तर टांझानियाच्या मारा प्रांतात, सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिमेकडील खेड्यांत रेबीजविषयक काम केल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की, या कामाचा खरा कस मोजणीत आणि माणसांशी होणाऱ्या बोलण्यात लागतो.

तयारी लवकर सुरू करावी. परदेशी संशोधकाला तेथील विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाची, म्हणजे ‘कॉस्टेक’ची, परवानगी लागते. मुलाखती घ्यायच्या असतील तर नैतिक मान्यता वेगळी घ्यावी लागते, आणि गावात पाऊल ठेवण्यापूर्वी जिल्हा व ग्राम कार्यालयात कागद दाखवून हेतू समजावून सांगावा लागतो. स्वतःचे प्रतिबंधक लसीकरण निघण्यापूर्वीच पूर्ण करावे. मात्र ते झालेले असले तरी चावा बसल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन पुढील मात्रा घ्याव्याच लागतात.

आपल्याकडच्या कामाची सवय असलेल्याला तिथला पहिला फरक कुत्र्यांतच दिसतो. २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या गोव्यातील लसीकरण मोहिमेत रस्त्यावरची मोकाट कुत्री जाळ्याने पकडून टोचावी लागत. मारा प्रांतात जवळजवळ प्रत्येक कुत्र्याला मालक असतो. आदल्या दिवशी ध्वनिक्षेपकावरून दवंडी दिली की सकाळी शाळेच्या पटांगणात मुले दोरीने, साखळीने कुत्री ओढत आणतात. रांग पाहून मोहीम यशस्वी झाली असे वाटू लागते, पण जी कुत्री आलीच नाहीत ती रांगेवरून समजत नाहीत. म्हणून टोचलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात रंगीत पट्टी बांधायची आणि त्याच दिवशी दुपारनंतर ठरलेल्या वाटांनी गावभर फिरून पट्टी असलेली व नसलेली कुत्री मोजायची, हे काम कितीही दमलेले असलो तरी टाळू नये.

या मोजणीला एवढे महत्त्व असण्याचे कारण रोगाच्या गणितात आहे. एक पिसाळलेले कुत्रे सरासरी दोनपेक्षा कमी कुत्र्यांना रोग देते, त्यामुळे प्रसार रोखण्यासाठी कोणत्याही क्षणी निम्म्याहून कमी कुत्री संरक्षित असली तरी पुरते. परंतु तिथे कुत्र्यांचे आयुष्य अल्प असते, नवी पिल्ले सतत जन्मतात, आणि मोहिमेनंतर संरक्षितांचे प्रमाण महिन्यागणिक घसरत जाते. पुढच्या वर्षीच्या मोहिमेपर्यंत ते धोक्याच्या रेषेच्या वर राहावे म्हणून सुरुवातीला ७० टक्क्यांचे लक्ष्य ठेवतात. तीन महिन्यांखालची पिल्ले ‘अजून लहान आहेत’ म्हणून घरीच ठेवली जातात. त्यांनाही लस द्यावी आणि त्यांना घेऊन यावे असे दवंडीतच सांगावे. गुरांमागे रानात गेलेली कुत्री आणि पटांगणापासून दूर असलेली घरे यांची वेगळी नोंद ठेवावी, कारण पुढचे केंद्र कुठे लावायचे हे त्यावरून ठरते.

कामाचा दुसरा भाग चाव्यांच्या मागोव्याचा. दवाखान्याच्या नोंदवहीतून जखमी व्यक्तीचे घर, तिच्याकडून कुत्र्याचा मालक, आणि त्याच्याकडून त्या कुत्र्याला आधी चावलेला प्राणी, अशी साखळी उलट दिशेने शोधत जावे लागते. तो प्राणी कधी कोल्हा असतो, कधी शेजारच्या गावचे कुत्रे. या भेटींत घाई केल्यास काहीच हाती लागत नाही. वडीलधाऱ्यांना ‘शिकामू’ म्हणून अभिवादन करावे, बसायला सांगतील तिथे बसावे आणि प्रश्नावली नंतरच उघडावी. ज्या घरात रेबीजने मूल गेले आहे तिथे तारखा विचारण्याआधी ऐकून घ्यावे. लसीच्या मात्रांसाठी त्या कुटुंबाने किती प्रवास केला, पैसे कुठून उभे केले आणि कोणत्या टप्प्यावर ते थांबले, हे त्या ऐकण्यातूनच कळते, आणि माझ्या मते संपूर्ण अभ्यासातील सर्वांत मोलाची माहिती तीच असते.

मेलेल्या संशयित जनावराचा मेंदूचा नमुना कवटी न फोडता, मानेमागच्या छिद्रातून नळी घालून घेता येतो. ही पद्धत प्रशिक्षित सहकाऱ्याकडूनच शिकावी आणि हातमोजे, मुखपट्टी व चष्मा यांत सवलत घेऊ नये. नमुने देशाबाहेर नेण्याची परवानगी वेगळी व अवघड असते, त्यामुळे तपासणी तिथल्याच प्रयोगशाळेत व्हावी अशी आखणी आधीपासून करावी. निघण्यापूर्वी गावनिहाय आकडे किस्वाहिलीत एका पानावर लिहून प्रत्येक ग्राम कार्यालयात द्यावेत.