घरी बसून पियानोची अख्खी मैफल कशी ऐकायची

पियानोचं रेकॉर्डिंग कुठून सुरू करू असं कोणी विचारलं की मी एकच नाव सांगते, पियानोवादक व्लादिमीर होरोविट्झची मॉस्कोची मैफल, २० एप्रिल १९८६. माणूस १९२५ मध्ये सोव्हिएत संघ सोडून गेला होता, ६१ वर्षांनी परत आला, वय ८२, आणि न्यूयॉर्कहून स्वतःचा स्टाइनवे पियानो बरोबर घेऊन. एवढं माहीत असलं की हॉलमधल्या टाळ्याही मन लावून ऐकाव्याशा वाटतात, त्या फॉरवर्ड करू नका प्लीज.

आधी पंखा बंद करा. खरंच, गंमत नाही. पियानोचा सूर वाजला त्या क्षणापासून विरायला लागतो, आणि होरोविट्झची अर्धी जादू त्या विरत जाणाऱ्या शेपटीत आहे, ती पंख्याच्या घरघरीत हमखास हरवते. उकडत असेल तर रात्री उशिरा ऐका.

मोबाइलचा स्पीकर नको, डाव्या हाताचे खालचे सूर त्यात जवळजवळ गायबच होतात. साधे हेडफोन चालतील. इक्वलायझर, बास बूस्ट आणि ॲपमधलं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन बंद करून टाका. मग आवाज ठरवायचा, आणि इथेच बहुतेक जण चुकतात, कारण सुरुवात हळू वाजते म्हणून आवाज वाढवतात आणि पुढे कान बधिर झाले की कमी करतात. त्यापेक्षा आधी याच मैफलीतला, स्क्रियाबिन या रशियन संगीतकाराचा डी शार्प मायनर एट्यूड (एट्यूड म्हणजे हात तयार करायला लिहिलेली छोटी रचना), ओपस ८ म्हणजे त्याच्या आठव्या संचातला बारावा, त्याचा शेवट लावून बघा, तो भरदार वाटला पाहिजे पण फाटता कामा नये. तो आवाज कायम ठेवून पहिल्यापासून सुरू करा आणि परत हात लावू नका.

आता ऐकायचं काय? आपला कान मींडेला आणि समेला सरावलेला. पियानोत मींड निघत नाही, दोन पट्ट्यांच्या मधे सूरच नाही, तरी मोझार्टच्या सोनाटाचा, म्हणजे तीन भागांच्या रचनेचा (यादीतला क्रमांक के. ३३०), मधला संथ भाग ऐका, वरची ओळ अक्षरशः गाते. एकदा फक्त ती ओळ धरा, मग तोच भाग परत लावून फक्त डावा हात ऐका. ठेका द्यायला तबलजी नाही, ते काम बरंचसं डाव्या हाताकडे असतं, आणि उजवा हात जरा रेंगाळला तर कुठे रेंगाळला हे दुसऱ्या वेळी लख्ख कळतं. सोनाटाचा एक भाग संपून दुसरा सुरू होताना टाळ्या पडत नाहीत, तेव्हा शांतता झाली म्हणून संपलं समजून उठू नका.

शेवटाकडे जर्मन संगीतकार शूमानचं ‘ट्रॉयमराय’ येतं. १८३८ चं, तीनेक मिनिटांचं, सुरांनी बघायला गेलं तर शिकाऊ मुलंही वाजवतात असं. स्क्रियाबिनचं वादळ आधी ऐकलेलं असलं तरच त्याचा हळूपणा लागतो, म्हणून एकटं काढून ऐकू नका. व्हिडिओत या वेळी श्रोत्यांमधल्या एका माणसाच्या गालावरून अश्रू ओघळताना दिसतो, पण पहिल्यांदा व्हिडिओ न बघता फक्त ऐका, तो दुसऱ्या दिवशी बघा.

आणि हो, ऑटोप्ले आधीच बंद करून ठेवा, नाहीतर शेवटच्या टाळ्या विरायच्या आत भलतंच गाणं सुरू होतं.