कार्यक्रमाआधी लॅपटॉपच्या आवाजातली घरघर कशी शोधावी

गेल्या वर्षी इंदूरमध्ये आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवात मुलांच्या नाटुकल्याचे पार्श्वसंगीत लॅपटॉपवरून देण्याचे काम माझ्याकडे होते. आदल्या रात्री सभागृहात ऐकले तेव्हा आवाज अगदी स्वच्छ होता. प्रत्यक्ष प्रयोगात बॅटरी उतरू लागली म्हणून मंचामागच्या सॉकेटला चार्जर लावला आणि त्याच क्षणी दोन्ही स्पीकरमधून जाड घरघर सुरू झाली, ती मुलांचे संवाद गिळत शेवटपर्यंत टिकली. तालीम बॅटरीवर झाली होती आणि प्रयोग चार्जरवर. म्हणून सर्वांत आधी हेच: चार्जर लावून तपासा.

कारण समजून घ्यावे. तीन पिनांच्या चार्जरमुळे लॅपटॉप मंचामागच्या अर्थिंगला जोडला जातो, मिक्सर (सगळे आवाज एकत्र करून स्पीकरकडे पाठवणारे यंत्र) सभागृहाच्या दुसऱ्या टोकाच्या अर्थिंगला जोडलेला असतो, आणि या दोन ठिकाणांच्या विद्युतदाबात थोडा जरी फरक असला तरी ऑडिओ केबलच्या जाळीतून (आतल्या तारांभोवतीच्या धातूच्या आवरणातून) प्रवाह वाहू लागतो. तोच ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतला गुणगुणाट होऊन ऐकू येतो. बॅटरीवर हे वर्तुळ पूर्णच होत नाही, त्यामुळे बॅटरीवरची शांतता काहीही सिद्ध करत नाही. चार्जर दोन पिनांचा असला तरी निश्चिंत राहू नका, कारण त्याच्या आतल्या स्विचिंगचा किरकिराटही केबलमधून येऊ शकतो.

तेव्हा लॅपटॉप आणि मिक्सर दोघांनाही एकाच एक्स्टेंशन बोर्डवरून वीज द्या, आणि मंचावरील दिव्यांचे डिमर (प्रकाश कमी-जास्त करणारी उपकरणे) त्या बोर्डवर मुळीच नकोत. ऑडिओसाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (थेट विद्युत जोड तोडून फक्त आवाज पुढे नेणारा) किंवा डीआय बॉक्स (लॅपटॉपचा आवाज बॅलन्स्ड केबलला जुळवून देणारी डबी) पिशवीत आधीच ठेवा. वेगळे यूएसबी साउंडकार्ड घेतले की काम झाले असे अनेकांना वाटते, पण त्याची ग्राउंड (अर्थिंगची) तार लॅपटॉपच्याच ग्राउंडला जोडलेली असल्याने हे वर्तुळ तुटत नाही. डीआय बॉक्स लॅपटॉपजवळ ठेवून तिथून मिक्सरपर्यंत बॅलन्स्ड केबल (दोन तारांतून आवाज नेऊन वाटेतला गोंगाट रद्द करणारी) न्यावी. साध्या हेडफोन पिनेची लांब केबल वाटेतला सगळा कचरा गोळा करते. गरज पडल्यास डीआय बॉक्सवरचे ग्राउंड लिफ्टचे बटण दाबावे, ते फक्त ऑडिओ केबलच्या जाळीची जोडणी तोडते.

आणि कोणी कितीही घाई केली तरी प्लगची जाड, लांब अर्थ पिन काढू देऊ नका. घरघर जाईल, परंतु उपकरणात बिघाड झाल्यास त्याच्या पत्र्यात वीज उतरेल आणि माइक हातात धरलेल्या मुलाला झटका बसेल. आमच्याकडेही हा उपाय कोणीतरी सुचवला होता. तेव्हा मी नकार दिला, याचे मला आजही समाधान आहे.

शोधण्याचा क्रम सोपा आहे. चार्जर काढल्यावर आवाज गेला तर दोष वर उल्लेखलेल्या वर्तुळात किंवा चार्जरमध्ये आहे. लॅपटॉपची केबल मिक्सरमधून काढूनही आवाज राहिला तर लॅपटॉप निर्दोष आहे, पुढची साखळी पाहा. माउस हलवताना किरकिर बदलत असेल तर ती संगणकाच्या आतली आहे. अशा वेळी मात्र बाहेरचे साउंडकार्ड उपयोगी पडते, आणि डेस्कटॉप असेल तर पुढच्या ऑडिओ सॉकेटऐवजी मागचे वापरून पाहावे. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा चार्जर लावून ऐका.

उरलेले थोडक्यात: वीजेच्या तारा ऑडिओ केबलपासून दूर, ओलांडायच्याच असल्या तर काटकोनात. लॅपटॉपचा आवाज बराच वर, मिक्सरचा गेन (येणारा आवाज वाढवण्याचे प्रमाण) कमी. मोबाइल फोन ऑडिओ केबलपासून दूर. सूचनांचे आवाज बंद.

मग प्रेक्षक येण्यापूर्वी मंचावरचे सर्व दिवे लावून, चार्जर जोडून, संगीत थांबवून आणि फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) प्रयोगात असेल तेवढाच वर ठेवून, एक पूर्ण मिनिट काहीही न बोलता स्पीकरजवळ उभे राहून ऐका.