स्वस्त माइक स्टँडची दुरुस्ती आणि निगा

भजनी मंडळे, शाळांची सभागृहे आणि गल्लीतील गणेशोत्सव मंडळे यांच्याकडे असणारे माइक स्टँड बहुधा स्वस्तातले असतात, आणि त्यांची तक्रारही ठरलेली असते: आडवा दांडा हळूहळू खाली झुकतो किंवा उभी नळी आपोआप आत सरकते. अशा वेळी सांधा घट्ट करणारी फिरती मूठ आणखी जोर लावून आवळली जाते, आणि चालू शकणारा स्टँड बहुतेक वेळा त्या जोरानेच कायमचा निकामी होतो. स्टँडचे सांधे घर्षणावर टिकतात. म्हणून पकड ढिली झाल्यास आधी पकडीचे पृष्ठभाग तेलकट झाले आहेत की झिजले आहेत, हे पाहावे.

उभ्या नळीपासून सुरुवात करावी. वरची नळी एका हाताने धरूनच मूठ सोडावी, अन्यथा ती माइकसह खाली आदळते. मूठ पूर्ण उघडल्यावर आत चीर असलेला प्लास्टिकचा बुश दिसतो. मूठ आवळली की तो दबून नळीला धरतो. नळी आणि बुश दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडे करावेत. बरेच स्टँड एवढ्यानेच सुधारतात, कारण करकर थांबावी म्हणून कोणीतरी तेथे तेल सोडलेले असते. तरीही नळी सरकत असेल, तर शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या कॅनमधून पातळ पट्टी कापून, तिच्या कडा पॉलिश पेपरने घासून, ती बुशच्या बाहेरून गुंडाळावी. मात्र बुशची चीर झाकली जाणार नाही एवढीच पट्टीची लांबी ठेवावी, कारण चीर मिटण्यावरच दाब अवलंबून असतो. नळी स्वतः घासू नये. वरचा मुलामा गेला की पहिल्याच पावसाळ्यात तेथे गंज धरतो.

आडव्या दांड्याचा सांधा सर्वांत आधी झिजतो आणि त्याला सर्वाधिक वेळ द्यावा लागतो. सांधा उघडण्यापूर्वी, आणि उघडताना प्रत्येक टप्प्यावर, मोबाइलवर छायाचित्र घ्यावे, कारण वायसरांचा क्रम चुकला तर कितीही आवळले तरी पकड येत नाही. आतील चकत्या गुळगुळीत झाल्या असतील, तर त्यांच्या दोन्ही बाजू पॉलिश पेपरने किंचित खरखरीत कराव्यात. फाटल्या असतील, तर सायकलच्या जुन्या ट्यूबमधून किंवा जाड चामड्यातून त्याच मापाच्या नव्या चकत्या कापाव्यात. माझा कल चामड्याकडे आहे, कारण ट्यूबचे रबर दाबाखाली पसरते आणि काही दिवसांनी सांधा पुन्हा आवळावा लागतो. प्लास्टिकची मूठ नुसतीच फिरत असेल, तर तिच्यातील बोल्ट सुटलेला असतो. तो ग्रीस पुसून एपॉक्सीने बसवावा आणि एक पूर्ण दिवस हात लावू नये; आटेच गेले असतील, तर जुना बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात नेऊन त्याच मापाचा बोल्ट व विंग नट (बोटांनी फिरवता येणारा, दोन पंखांचा नट) घ्यावा.

सांधा चांगला असूनही त्याच्यावर येणारा भार वापरणाऱ्याच्या हातात असतो. शुअर एसएम58सारखा माइक सुमारे 300 ग्रॅमचा असतो. तोच माइक सांध्यापासून 70 सेंटिमीटरऐवजी 35 सेंटिमीटरवर ठेवला, तर माइकमुळे सांध्यावर येणारा पिळ निम्मा होतो. म्हणून दांडा गरजेपेक्षा जास्त बाहेर काढू नये आणि त्याची दिशा तीन पायांपैकी एका पायाच्या वर ठेवावी, म्हणजे स्टँड कलंडत नाही. दांड्याचा कोन बदलताना मूठ आधी सैल करावी. आवळलेला दांडा ओढून खाली करणे हेच चकत्या झिजण्याचे मुख्य कारण आहे.

पायांना जोडणारे प्लास्टिकचे कडे तडकले असेल, तर त्यावर स्टीलची होज क्लिप (पाइप आवळण्याची गोल पट्टी) बसवून ती बेताने आवळावी. नुसते चिकटवलेले कडे पाय उघडताच पुन्हा फाटते. पायांचे रिव्हेट ढिले झाल्यास ते काढून बोल्ट आणि आत नायलॉनचे कडे असलेला, सहज ढिला न होणारा नट घालावा. हरवलेल्या रबरी टोप्यांऐवजी हातकाठीचे रबर चालते, पण पायाचा बाहेरचा व्यास मोजून न्यावा. या टोप्या नसतील, तर लाकडी मंचावर पडणाऱ्या पावलांचा धक्का थेट माइकमध्ये ऐकू येतो.

माइकची क्लिप स्टँडच्या आट्यांवर बसत नसेल, तर ती जोराने फिरवू नये. या आट्यांची प्रचलित मापे दोन आहेत: पाच अष्टमांश इंच, इंचाला 27 आटे, आणि तीन अष्टमांश इंच, इंचाला 16 आटे. दोहोंना जोडणारी छोटी पितळी कडी (ॲडॉप्टर) संगीतवाद्यांच्या दुकानात मिळते.

कोकणातील खाऱ्या हवेत पायांवर आणि बोल्टच्या आट्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवावा, मात्र वरच्या नळीला आणि चकत्यांना ते लागू देऊ नये. ठेवताना सर्व मुठी सैल कराव्यात, म्हणजे रबर दबून कायमचे चपटे होत नाही. ओतीव मिश्रधातूचा सांधाच दुभंगला असेल, तर तो नेहमीच्या वेल्डिंगने जुळत नाही. अशा स्टँडचा सांधा सुटा मिळत असल्यास बदलावा, नाहीतर त्याच्या नळ्या, टोप्या आणि बोल्ट दुसऱ्या स्टँडसाठी काढून ठेवावेत.