फायबरच्या होडीची गळती कशी काढावी

होडीत पाणी दिसलं की जो तो तळाला भोक शोधायला लागतो. नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या बंदरात हे दर वर्षी बघतो. तळ कितीदा तरी धडधाकट असतो. पाणी सोडायच्या बुचाच्या कडेने, मागच्या फळीच्या बोल्टांतून नाहीतर कडेच्या पट्टीच्या स्क्रूंमधून शिरतं आणि सगळ्यात खोल जागी जाऊन बसतं.

होडी टायरांवर घ्या, बाहेरून पुसा आणि आत गोडं पाणी भरा. चारच बोटं. हजार लिटर म्हणजे एक टन, आणि जमिनीवर तळाला खालून खाडीचा आधार नसतो. बाहेर थेंब धरला की खडूने खूण करा. वरच्या बोल्टांसाठी होडी मागे कलती करा.

बोल्ट गळत असेल तर तो काढा, जुना मसाला खरवडा आणि होडीसाठीचं पॉलीयुरेथेन सीलंट भरून आवळा. सिलिकॉन अजिबात लावू नका. त्याचा अंश राहिला तरी पुढे त्या जागी रेझिन (फायबरचे थर धरून ठेवणारा, वाळून कडक होणारा द्रव) धरत नाही.

तडा असेल तर आधी अॅसिटोनने पुसा, मग ग्राइंडर धरा. सैल झालेलं फायबर निघेपर्यंत उतरत्या कडेने घासा. उतार जाडीच्या बारा पट हवा: पाच मिलिमीटरला चहूबाजूंनी सहा सेंटिमीटर.

आता सुकवणं. सगळे इथेच फसतात, मीही फसलो. नारळी पौर्णिमा तोंडावर होती, हाताला जागा कोरडी लागली म्हणून मॅट (काचेच्या धाग्यांचं कापड) मारली. पंधरा दिवसांत एक कोपरा उचलला. नख घातलं तर अख्खं ठिगळ पापडासारखं हातात आलं. खालची बाजू ओलसर होती, जिभेला खारट लागली.

फायबरच्या धाग्यांत पाणी लांबवर झिरपतं आणि मागे राहिलेलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं. म्हणून घासलेली जागा गोड्या पाण्याने धुवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा धुवा, मगच सुकायला ठेवा. दुहेरी तळ असेल तर आतल्या तळाला सगळ्यात खोल जागी सहा मिलिमीटरचं भोक पाडून अडकलेलं पाणी बाहेर काढा. ‘दोन दिवस ऊन दाखव, बस्स’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. मामाने शिकवलेली परीक्षा घ्या: त्या जागेवर पॉलिथिनचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि दिवसभर उन्हात ठेवा. आतून दव धरलं तर जागा अजून ओली आहे. माझ्या होडीला एकदा तीन आठवडे लागले. पावसाळ्यात उघड्यावर हे काम करूच नका. एप्रिल-मे नाहीतर दसऱ्यानंतर करा.

पुढचं सोपं आहे. ऐंशी नंबरचा पॉलिश कागद मारा, रेझिन लावा, मॅटचे थर बसवा आणि रोलरने हवा काढा. हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) रेझिनच्या एक ते दोन टक्के, मोजूनच. एक्सिलरेटर (कडक होण्याचा वेग वाढवणारं रसायन) वेगळा मिळाला असेल तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर त्यानंतर. दोन्ही थेट एकत्र आले तर स्फोट होतो. हार्डनरचा थेंब डोळा घालवू शकतो, चष्मा लावाच. वरून जेलकोट (होडीचा बाहेरचा गुळगुळीत थर) लावून पॉलिथिनने झाका, नाहीतर तो चिकट राहतो.

दोन दिवसांनी पुन्हा चार बोटं पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळी खालची माती कोरडी असेल तर भरतीला होडी लोटा.