रूसोच्या सोफीची विरचना: स्त्रीवादी वाचन कसे करावे

उतारा लहान घ्या, दोन पानांपलीकडे नको. विरचना, म्हणजे मजकूर स्वतःचीच उतरंड कुठे मोडतो ते दाखवणारे वाचन, शब्दाशब्दात चालते. अख्खे पुस्तक घेतले की शेरेबाजी होते. इथे तत्त्वज्ञ रूसोच्या ‘एमिल’ या शिक्षणावरच्या पुस्तकाच्या (१७६२) पाचव्या भागातला उतारा घेऊ. पुस्तकातला शिष्य एमिल; त्याची भावी पत्नी सोफी हिला कसे वाढवावे, हे त्या भागात आहे.

वहीत उभी रेघ मारा. डावीकडे मजकूर ज्यांना मान देतो ते शब्द, उजवीकडे त्यांचे जोडीदार: सबळ–दुर्बळ, सक्रिय–निष्क्रिय. फ्रेंच स्त्रीवादी लेखिका एलेन सिक्सू यांनी १९७५मध्ये सूर्य–चंद्र, दिवस–रात्र अशाच जोड्या मांडून विचारले होते, ‘ती कुठे आहे?’

आता पेन्सिलीने सांधे, म्हणजे मजकूर स्वतःलाच खोडतो त्या जागा, शोधा. ‘निसर्गतः’, ‘स्वभावतः’ दिसले की खूण करा, आणि जवळपास ‘सवय लावावी’, ‘शिकवावे’ येते का पाहा. पुरुषाला रिझवणे हा स्त्रीचा निसर्ग, असे रूसो सांगतो. आणि मुलींना लहानपणापासूनच बंधनांची सवय लावा, असेही बजावतो. निसर्गच आहे, तर शिकवणी कशाला? विरचनेचे प्रवर्तक, फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदांनी १९६७मध्ये रूसोचाच ‘पूरक’ हा शब्द असा पकडला होता: म्हणायला वरची जोड, पण तिच्यावाचून मूळ पुरेच पडत नाही. सोफीचे शिक्षण हे असे पूरक आहे. शिवाय सबळ तो दिसायला धनी, प्रत्यक्षात दुर्बळावर अवलंबून, हेही रूसो स्वतःच लिहून बसतो. हा सांधा सापडला की निम्मे काम झाले.

मग जोडी उलटवा. बहुतेकांचे इथेच बिनसते. ‘स्त्रीच श्रेष्ठ’ म्हणून थांबलात, तर पाट्या बदलतात, उतरंड तशीच राहते. उलट ही पायरी गाळून थेट ‘दोघे समान’ म्हटले, तर कोण कोणावर बसले होते तेच झाकले जाते. आधी उलटवायचे, मग जोडीच निकामी करायची.

शेवटी ‘स्त्री’ हा शब्दही तपासा. इथे स्त्रीवादाची खरी पंचाईत होते: स्त्री म्हणजे काय हेच पक्के नसेल, तर हक्क कोणासाठी मागायचे? देरिदांच्या इंग्रजी अनुवादक गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी तोड सुचवली, की ठरावीक राजकीय कामापुरते, डावपेच म्हणून ‘आम्ही स्त्रिया’ म्हणावे. लोकांनी त्याचा कायमचा परवाना केला, तेव्हा स्पिवाक यांनीच या तोडीच्या ‘डावपेची सारतत्त्ववाद’ या नावापासून अंतर ठेवले.

सरावाला वधू-वरांच्या जाहिरातींतला ‘गृहकृत्यदक्ष’ हा शब्द घ्या. दक्षता कमवावी लागते; मग ती गोरेपणाच्या शेजारी, अंगच्या गुणासारखी का मांडतात? वराच्या जाहिरातीत त्या जागी कोणता शब्द येतो, तो रेघेच्या डावीकडे लिहा.