शेअर दाखला आणि वार्षिक अहवाल: सहकारी बँकेचा मालक कोण, हे कसं पाहायचं

सहकारी बँकांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते, म्हणजे कोकणात गणपतीच्या आगेमागेच. चाकरमानी घरी असतात, तेव्हाच ट्रंकेतला आजोबांचा शेअर दाखला बाहेर काढा.

आधी पाहा, सभासद 'नियमित' की 'नाममात्र'. जामीन राहताना पुष्कळांना नाममात्र करून घेतात. त्यांना मत नाही, लाभांशही नाही. नियमित सभासदाला मात्र शेअर कितीही असोत, मत एकच, आणि तेही स्वतः हजर राहून. मुंबईहून भावाच्या हाती चिठ्ठी पाठवून चालत नाही.

एक सभासद एक मत ही रीत इटलीत अर्थतज्ज्ञ लुइजी लुझाट्टी यांच्या प्रेरणेने १८६४ साली लोदी शहरातल्या लोकबँकेपासून, म्हणजे सभासदांच्या मालकीच्या सहकारी बँकेपासून, रुजली. २०१५ च्या कायद्याने ८ अब्ज युरोंहून जास्त मालमत्तेच्या लोकबँकांना भागभांडवली कंपनी, म्हणजे जितके शेअर तितकी मतं अशी कंपनी, व्हायला लावलं. सोंद्रिओ शहरातली १८७१ ची लोकबँक २०२१ अखेर अशी कंपनी झाली, आणि २०२५ मध्ये तिचे बहुतांश शेअर बीपीईआर या मोठ्या बँकेने घेतले. एक सभासद एक मत गेलं, की बाहेरच्याला दार उघडं.

अहवालात भागभांडवलाचा आकडा वाढलेला दिसला तर लगेच खूश होऊ नका. कर्जवाटपाचा आकडा शेजारी ठेवा. आपल्याकडे बऱ्याच बँकांत कर्जदाराला शेअर घ्यावे लागतात: तारणी कर्जावर साधारण अडीच टक्के, विनातारणावर पाच. १० लाखांच्या तारणी कर्जामागे २५,००० रुपये. म्हणजे भांडवल वाढलं ते विश्वासाने की कर्जाच्या कपातीने, हे त्यातून कळतं. इटलीतल्या व्हिचेन्झाच्या लोकबँकेने तर आपलेच शेअर घ्यायला सभासदांना कर्जं दिली. शेअर बाजारात नव्हता, भाव बँकच ठरवायची. ६२.५० युरोंचा शेअर २०१६ मध्ये १० सेंटवर आला. जून २०१७ मध्ये ती बँक आणि शेजारची व्हेनेतो बँक अवसायनात गेली, म्हणजे गुंडाळायला काढली. दोघींचा धड भाग इंतेसा सानपाओलो या मोठ्या बँकेने नाममात्र १ युरोला घेतला. आपल्याकडे शेअर सहसा दर्शनी किमतीलाच मिळतो आणि परतही तसाच, त्यामुळे शेअरच्या भावाची ही चलाखी इथे सहसा जमत नाही. बुडण्याची भीती मात्र तीच.

शेअर म्हणजे ठेव नव्हे. ५ लाखांपर्यंतचा विमा ठेवींना आहे, शेअरना नाही. पतसंस्थेतल्या ठेवीला तर हा विमा मुळीच नाही. 'बँकेसारखीच आहे' असं कोणी सांगितलं तरी फसू नका. शेअरची रक्कम परत मागायची तर बँकेची भांडवल पर्याप्तता, म्हणजे जोखमीच्या कर्जांच्या तुलनेत तिचं स्वतःचं भांडवल, किमान ९ टक्के हवी. हा आकडा अहवालात 'सीआरएआर' या नावाने सापडेल.

आजोबा गेले असतील तर मृत्यूचा दाखला, मूळ शेअर दाखला आणि वारसाचा अर्ज घेऊन शाखेत जा, नामनिर्देशन (नॉमिनी) आहे का ते आधी विचारा. अडतं ते बहुधा नावात: जुन्या दाखल्यावर नुसतं नाव आणि बापाचं नाव, आधारवर आडनावही. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून न्या, म्हणजे दुसरी खेप वाचते.